राष्ट्रपती निवडताना आपल्या आमदाराचे एक मत १७५ का मोजले जाते?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एकात लिहिलेले असते, "या वेळी आपला माणूस राष्ट्रपती झाला पाहिजे." दुसऱ्यात विचारलेले असते, "सरपंच थेट जनतेतून निवडता, मग राष्ट्रपती का नाही?" संविधानाच्या अभ्यासवर्गांत तरुण मुले-मुली हे दोन्ही प्रश्न आम्हाला विचारतात. आमदार आणि खासदार मत देतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्या मताचे मूल्य कसे काढतात, ते कोणत्या वर्षाच्या लोकसंख्येवर काढतात आणि बाबासाहेबांनी या पद्धतीचे समर्थन कोणत्या कारणांनी केले, इथे मात्र गाडी अडते.

हे फक्त स्पर्धा परीक्षेपुरते नाही. आपण कार्यकर्ते वर्षभर "मा. जिल्हाधिकारी यांच्यामार्फत मा. राष्ट्रपती" असे लिहून निवेदने देत असतो. ज्या पदाकडे आपण न्याय मागतो, ते पद कोणाच्या मतांवर उभे आहे आणि त्याच्या हातात किती आहे, हे माहीत नसेल तर निवेदनाची पोच घेऊन घरी येण्यापलीकडे काही होत नाही.

थेट निवडणूक का नको होती?

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये यावर चर्चा झाली. प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती सुचवली की राष्ट्रपतींची निवड प्रौढ मताधिकाराने थेट जनतेकडून व्हावी. शहांचा मुद्दा आजही ऐकायला पटतो: सगळ्या देशाचा प्रमुख सगळ्या देशाने निवडावा.

बाबासाहेबांनी त्याला नकार दिला. मतदारसंख्या प्रचंड आहे आणि एवढी मोठी निवडणूक घेण्याची यंत्रणा आपल्याकडे नाही, ही त्यांची दोन कारणे व्यवहाराची होती. तिसरे कारण तत्त्वाचे होते. आपला राष्ट्रपती अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षासारखा कारभार करणारा नाही, तो नामधारी प्रमुख आहे. खरी सत्ता पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडे आहे, आणि ते लोकसभेला जबाबदार आहेत. कोट्यवधी मते घेऊन निवडून आलेल्या माणसाला तुम्ही सहीपुरते बसवून ठेवू शकत नाही. तो म्हणणारच, मलाही जनतेने निवडले आहे. मग एका देशात दोन सत्ताकेंद्रे तयार होतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल दिलेला इशारा आपल्याला पाठ असतो. आमच्या मते थेट निवडणुकीला दिलेला नकार त्या इशाऱ्याशी जुळवून वाचला पाहिजे.

त्या चर्चेतला आणखी एक मुद्दा आपल्या लोकांनी लक्षात ठेवावा असा आहे. निवड साध्या बहुमताने झाली, तर बहुसंख्याकांना अल्पसंख्याकांना न विचारता राष्ट्रपती निवडता येईल. अल्पसंख्याकांचा काहीतरी आवाज या निवडीत असावा, म्हणून प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, पसंतीक्रमाची पद्धत ठेवली, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. ही पद्धत प्रत्यक्षात किती उपयोगी पडली ते पुढे पाहू.

मत कोणाला?

कलम ५४ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून निर्वाचकगण तयार होतो. १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीने दिल्ली आणि पुदुच्चेरीचे आमदारही त्यात आले.

"निवडून आलेले" हा शब्द महत्त्वाचा. राज्यसभेच्या १२ राष्ट्रपतिनियुक्त सदस्यांना या निवडणुकीत मत नाही. विधान परिषदेच्या कोणत्याही सदस्याला मत नाही. मुख्यमंत्री परिषदेवर असेल तर त्यालाही नाही. आंबेडकरी चळवळीतल्या एखाद्या नेत्याची परिषदेवर बोळवण झाली की आपल्याकडे ढोलताशे वाजतात, पण राष्ट्रपती निवडताना त्या नेत्याच्या हातात मतपत्रिका येत नाही.

१७५ हा आकडा कुठून आला?

आमदाराच्या मताचे मूल्य काढायचे सूत्र साधे आहे. राज्याची लोकसंख्या घ्या, तिला विधानसभेच्या निवडून येणाऱ्या सदस्यसंख्येने भागा, आलेल्या उत्तराला १,००० ने भागा. बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवा. लोकसंख्या मात्र १९७१ ची घ्यायची.

१९७१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला २८८ ने आणि मग १,००० ने भागले की १७५ येतात. म्हणून गडचिरोलीचा आमदार असो की मलबार हिलचा, दोघांचे मत १७५. राज्यातल्या अनुसूचित जातींच्या २९ आणि अनुसूचित जमातींच्या २५ राखीव जागांवरच्या आमदारांचेही १७५ च. गोव्याच्या आमदाराचे मूल्य २०, सिक्कीमच्या आमदाराचे ७ आणि उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८. ही देशातली सर्वांत मोठी किंमत.

मग खासदाराचे काय? सगळ्या राज्यांच्या आमदारांच्या मतांचे एकूण मूल्य काढतात आणि त्याला निवडून येणाऱ्या खासदारांच्या संख्येने भागतात. २०२२ मध्ये आमदारांचे एकूण मूल्य ५,४३,२३१ होते. लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २३३ मिळून ७७६ खासदार. भागाकार ७००. त्याआधी २०१७ मध्ये तो ७०८ होता. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभाच नव्हती, म्हणून आमदारांची बेरीज कमी झाली आणि खासदाराचे मूल्यही उतरले.

असे करण्यामागे दोन हेतू आहेत. राज्याराज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात समानता राहते, आणि सर्व राज्ये मिळून एका पारड्यात व संसद दुसऱ्या पारड्यात ठेवली तर तराजू सरळ राहतो. दिल्लीत बहुमत असलेल्या पक्षाला केवळ संसदेच्या जोरावर राष्ट्रपती बसवता येऊ नये, राज्यांनाही विचारावे लागावे, अशी ही रचना आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २८८ आमदारांचे ५०,४०० आणि लोकसभा-राज्यसभेच्या ६७ खासदारांचे ४६,९००, म्हणजे एकूण ९७,३००. देशभरातल्या पावणेअकरा लाखांहून थोड्या जास्त मूल्यापैकी जवळपास नऊ टक्के.

१९७१ ची लोकसंख्या आणि येणारी जनगणना

अभ्यासवर्गात इथे हमखास हात वर होतो. पन्नास वर्षांपूर्वीची लोकसंख्या का? कारण कुटुंबनियोजन मनापासून राबवणाऱ्या राज्यांचे राजकीय वजन त्यामुळे घटू नये. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ चे आकडे गोठवले, आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली.

ती पहिली जनगणना म्हणजे १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेली, जातनिहाय गणना होणारी जनगणना. तिच्याबद्दल आपल्या समाजात चर्चा आहे ती धर्माच्या रकान्यात "बौद्ध" लिहिण्याची आणि जातीच्या रकान्यात काय लिहायचे याची. ती चर्चा व्हायलाच हवी. पण याच जनगणनेच्या आकड्यांवर राष्ट्रपतींच्या निवडणुकीतले प्रत्येक आमदाराचे मूल्य नव्याने ठरणार आहे, ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाही.

फरक किती पडेल? अंदाज यावा म्हणून आम्ही २०११ ची लोकसंख्या घेऊन हाच हिशेब केला. आज बिहारच्या आमदाराचे मूल्य १७३ आहे आणि महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५. म्हणजे आपण दोन अंकांनी पुढे. २०११ च्या लोकसंख्येवर बिहारचे मूल्य ४२८ होते आणि आपले ३९०. केरळचे आजचे १५२ हे २३९ होतात. बिहारच्या शेजारी ठेवून पाहिले तर केरळचे वजन किती हलके होते ते दिसते. हा फक्त नमुना हिशेब आहे. विधानसभांच्या जागाही बदलल्या तर आकडे आणखी वेगळे येतील. तरी वजन उत्तरेकडे सरकणार, एवढे यातून दिसतेच.

पसंतीक्रम म्हणजे काय, हे १९६९ सांगते

मतपत्रिकेवर कोणतेही चिन्ह नसते, फुली मारायची नसते. उमेदवारांच्या नावांसमोर १, २, ३ असे पसंतीक्रमाचे आकडे लिहायचे असतात. पहिली पसंती देणे सक्तीचे, पुढच्या ऐच्छिक. वैध मतांच्या एकूण मूल्याच्या निम्म्यापेक्षा एक जास्त हा कोटा. पहिल्या पसंतीत कोणीच कोटा गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती ज्याला असेल त्याच्या खात्यात ती मते जातात. कोणीतरी कोटा ओलांडेपर्यंत किंवा एकच उमेदवार उरेपर्यंत हे चालते.

आजवर दुसऱ्या पसंतीपर्यंत मोजणी गेली ती एकदाच. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी कार्यभार घेतला, पण स्वतः निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. मग काही आठवडे देशाचे काम पाहिले ते सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती.

काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते, पण पंतप्रधान इंदिरा गांधींनी "सदसद्विवेकबुद्धीने मत द्या" असे म्हणत गिरींची बाजू घेतली. तिसरे महत्त्वाचे उमेदवार आपल्या रायगडचे, सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले अर्थमंत्री. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. कोटा ४,१८,१६९ होता. छोटे उमेदवार आणि शेवटी देशमुख बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या. रेड्डींच्या खात्यात जवळपास ९२ हजारांची भर पडली, गिरींच्या खात्यात साडेअठरा हजारांची. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि कोटा जेमतेम १,९०८ ने ओलांडून राष्ट्रपती झाले. उत्तर प्रदेशच्या दहा आमदारांचेही एवढे मूल्य नसते असे नाही!

१९६९ चा आणखी एक धडा. या निवडणुकीत मतदान गुप्त असते, पक्षाला व्हिप काढता येत नाही आणि पक्षांतरबंदी कायदा लागू होत नाही. म्हणून आघाड्या ओलांडून मते पडतात. २००७ मध्ये शिवसेना भाजपसोबत असूनही तिने प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला.

पण अल्पसंख्याकांचा आवाज ऐकू यावा हा मूळ हेतू? पद एकच असल्यावर "प्रमाणशीर" काय असणार? १९६९ सोडले तर लढत झाली तिथे निकाल पहिल्या पसंतीतच लागला. दोन मोठ्या आघाड्या उमेदवार ठरवतात आणि मोजणीच्या दिवशी फक्त मताधिक्य कळते. संविधानाने दार उघडे ठेवले होते, पक्षांनी ते लोटून घेतले, असे आम्ही म्हणू.

अर्ज भरायलाच शंभर सह्या

राष्ट्रपती होण्यासाठी भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता आणि लाभाचे पद नसणे, एवढ्याच अटी संविधानात आहेत. खरा अडसर कायद्यात आहे. सुरुवातीला एक सूचक, एक अनुमोदक पुरे होता. हौशी उमेदवार वाढले म्हणून १९७४ मध्ये प्रत्येकी दहा केले, १९९७ मध्ये प्रत्येकी पन्नास. अनामत रक्कम अडीच हजारांवरून पंधरा हजार झाली. अनामतीचे आपण समजू शकतो. पण शंभर आमदार-खासदारांच्या सह्या आणायच्या म्हणजे मोठ्या पक्षाच्या दारात उभे राहणे आले. रिपब्लिकन पक्षाचे सगळे गट एकत्र आले तरी आज त्यांना स्वतःच्या बळावर उमेदवाराचा अर्ज भरता येणार नाही.

निवडणुकीचा वाद झाला तर तो थेट सर्वोच्च न्यायालयात जातो, आणि तिथेही याचिका उमेदवाराने किंवा किमान वीस निर्वाचकांनीच करावी लागते. १९५७ मध्ये नागपूरचे डॉ. ना. भा. खरे न्यायालयात गेले होते. काही जागांच्या निवडणुका व्हायच्या आहेत, मग निर्वाचकगण अपुरा नाही का, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना यश आले नाही, आणि पुढे १९६१ मध्ये अकराव्या दुरुस्तीने जागा रिक्त असल्याच्या कारणावरून निवडणुकीला आव्हान देण्याची वाटच बंद झाली.

उपराष्ट्रपती: गणित सोपे, मतदार वेगळे

उपराष्ट्रपतींच्या निवडीत आमदार नसतात. कलम ६६ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सर्व सदस्य मत देतात, नियुक्त सदस्यसुद्धा. प्रत्येकाचे मत एकच. कारण बाबासाहेबांनीच सांगितले होते: उपराष्ट्रपतींचे मुख्य काम राज्यसभेचे सभापतिपद सांभाळणे हे आहे, राज्यांच्या कारभाराशी त्यांचा नेहमीचा संबंध येत नाही. राष्ट्रपतींचा येतो. उमेदवाराला वीस सूचक आणि वीस अनुमोदक लागतात, आणि पात्रता राज्यसभेची लागते.

जगदीप धनखड यांनी जुलै २०२५ मध्ये राजीनामा दिला आणि ९ सप्टेंबरला निवडणूक झाली. महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२, तर माजी न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते पडली. ७६७ खासदारांनी मतदान केले, त्यातली १५ मते बाद ठरली. वस्तीतल्या आजीला मतदान यंत्राचे बटण समजावून सांगणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा आकडा जपून ठेवावा.

"आपला माणूस"

के. आर. नारायणन १९९२ मध्ये उपराष्ट्रपती झाले तेव्हा त्यांना ७०० मते पडली आणि विरोधात एक. १९९७ मध्ये ते राष्ट्रपती झाले, दलित समाजातले पहिले. समोर टी. एन. शेषन होते, आणि शिवसेनेने तेव्हा शेषन यांना पाठिंबा दिला होता. २०१७ मध्ये रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार, दोन्ही बाजूंचे उमेदवार दलित समाजातले होते. रोहित वेमुलाच्या मृत्यूला आणि उनाच्या घटनेला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, हे लक्षात घेतले की दोन्ही आघाड्यांना एकाच वेळी दलित उमेदवार का आठवला ते कळते. कोविंद ७,०२,०४४ विरुद्ध ३,६७,३१४ असे जिंकले. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू ६,७६,८०३ मूल्याची मते घेऊन पहिल्या आदिवासी राष्ट्रपती झाल्या.

या निवडींना "फक्त प्रतीक" म्हणून झटकून टाकणे आम्हाला पटत नाही. पाड्यावरच्या शाळेत भिंतीवर मुर्मूंचा फोटो पाहणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ कळतो. पण कलम ७४ नुसार राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे लागते. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो, तोच पुन्हा आला तर मान्य करावा लागतो. नारायणन यांनी हा अधिकार खरोखर वापरला. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी परत पाठवली. आपल्या निवेदनाचे मोजमापही याच चौकटीत करावे लागते. ते राष्ट्रपतींच्या नावे गेले तरी निर्णय संबंधित मंत्रालयाच्या किंवा राज्य सरकारच्या टेबलावरच होतो.

राखीव जागांवरच्या आमदार-खासदारांकडून आपण अपेक्षा ठेवतो, पण त्यांचे तिकीट पक्षाच्या हातात असते. संयुक्त मतदारसंघातला हा दोष बाबासाहेबांनी पुणे करारानंतर वारंवार दाखवला होता. फरक एवढाच की राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्या आमदाराला पक्षाचा व्हिप नाही आणि मत कोणी पाहू शकत नाही. पक्षाच्या भीतीचे कारण तिथे पुरत नाही.

मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ ला शपथ घेतली. कलम ६२ नुसार मुदत संपण्यापूर्वीच पुढची निवडणूक पूर्ण करावी लागते, म्हणजे ती जुलै २०२७ मध्ये होईल. जनगणनेचे आकडे तोवर प्रसिद्ध होणे कठीण दिसते, त्यामुळे या वेळीही आपल्या आमदाराचे मत १७५ च मोजले जाण्याची शक्यता जास्त आहे. आमदारांना गुलाबी मतपत्रिका मिळते, खासदारांना हिरवी. कोणी कोणाला मत दिले ते कळत नाही, राज्यनिहाय बेरीज मात्र प्रसिद्ध होते. त्याआधी, उमेदवार जाहीर होण्याच्या सुमारास, तालुक्यातल्या आमदाराला लेखी विचारता येईल: ॲट्रॉसिटीच्या प्रलंबित खटल्यांवर, शिष्यवृत्तीवर, बौद्धांच्या जातप्रमाणपत्रांच्या अडवणुकीवर तुमचा उमेदवार आजवर काय बोलला आहे? निवेदनासारखी या पत्राचीही पोच घ्यावी.